कडू उशिरा लागतं

४ नोव्हेंबर

वन्सं,

ही हाक तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही डोळे वटारले होते, 'मला काय म्हातारी समजलीस का?' म्हणून. पण आता तुम्ही आमचा कुणाचाच फोन उचलत नाही, तेव्हा निदान चिडून तरी पत्र पुढे वाचाल, म्हणून मुद्दाम तसंच लिहिलंय.

पत्ता तुमच्या कारखान्याचा आहे. औषधाच्या बाटलीवर छापलेला असतो तोच. तुम्ही तिथे आलेला माल तपासता एवढंच कानावर होतं, म्हणून पाकिटावर 'माल तपासणाऱ्या बाईंना' असं लिहिलंय. पोचलं तर ठीक, नाहीतर कुणाची तरी करमणूक होईल.

कामाचं बोलते. पाकिटात एक पुडी आहे, तिच्यात मुळीचा तुकडा आहे. तो चावून बघा. बाबा त्याला कुटकी म्हणतात. दिसायला कुटकीच आहे. तीच खवल्यांची साल, तसाच वाकडेपणा, मोडली की कट्कन आवाज. मीही या घरात कमी काड्याकुड्या निवडलेल्या नाहीत, पण डोळ्यांना काही वेगळं दिसत नाही. काल मी ती चाटली, मग चावली. मला पहिल्यांदा कुटकी तुम्हीच चाखायला दिली होतीत, 'औषधी खडीसाखर आहे' असं सांगून. दिवस मावळेपर्यंत ती माझ्या घशातून गेली नव्हती आणि तुम्ही दोघं भावंडं पोट धरून हसत होतात. ही मात्र झाडूची काडी चावावी तशी लागते.

तुमच्या भावाला जराशी कावीळ झाली आहे. काळजीचं काही नाही. बाबांनी लगेच कुटकीचा काढा सुरू केला. सकाळी स्वतः मुळी कुटतात, उकळतात, गाळतात आणि कप घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात. माझ्या हातात काही देत नाहीत. जणू मी वाटेत अर्धा पिऊन टाकणार आहे. आणि तुमचे बंधुराज कप ओठाला लागायच्या आधीच डोळे घट्ट मिटतात, तोंड वाकडं करतात, 'मेलो, मेलो' म्हणून ओरडतात. बाबा खूश. 'लहानपणापासून नाटकी आहे,' म्हणतात.

काल कप विसळताना मी तळातला थेंब बोटाने चाटला. नुसतं कोमट पाणी, वन्सं. ह्यांना विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, 'तू कप विसळ.' ताकास तूर लागू देत नाहीत.

आता जे लिहिते ते फक्त तुम्हालाच. बाबांची जीभ गेली आहे. उन्हाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून. मला कळलं ते चहामुळे. मी घाईत साखरेऐवजी मीठ घातलं होतं. माझा पहिला घोट मी मोरीत थुंकले आणि धावत बाहेर आले, तोवर बाबांनी कप रिकामा करून खाली ठेवला होता. म्हणाले, 'चांगला झालाय.' माझ्या चहाला ते कधी चांगला म्हणाले नव्हते, तिथेच पाणी मुरत होतं.

जो माणूस आयुष्यभर व्यापाऱ्याची गोणी उघडून, एक तुकडा दाढेखाली धरून 'ठेवा' किंवा 'उचला' म्हणत आला, त्याचं हे झालंय. ते अजूनही तुकडा चावतात. तसेच डोळे मिटतात. जुना व्यापारी धंदा बंद करून गेला. आता जो येतो त्याला काय, 'ठेवा' म्हटलं की पैसे मिळाले. ह्यांच्यासाठीची गोणी अशीच आली.

तुम्ही घर सोडलंत त्या दिवसाबद्दल एक सांगायचं राहिलंय. पेशंट बसलेले असताना तुम्ही त्यांचं चूर्ण जिभेवर ठेवून म्हणालात, 'बाबा, हे गेलंय, फेकून द्या,' आणि त्यांनी तुम्हालाच दार दाखवलं. तुमची रिक्षा वळल्यावर त्यांनी तो अख्खा डबा मोरीत रिकामा केला. मी बघत होते. कुणाला काही बोलले नाहीत. पण त्यांना तोंडावर खरं सांगणारं माणूस एकच होतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

तेव्हा दोन गोष्टी मागते. एक म्हणजे चांगली, तुमच्या जिभेवरून गेलेली कुटकी पाठवा. आणि जमलं तर या. पहिली गोष्ट तरी नक्की करा.

तुमची भावजय

१८ नोव्हेंबर

वन्सं,

पार्सल मिळालं. आत एवढीशी चिठ्ठी. 'तुम्ही पाठवलेली मुळी रस काढून घेतलेली आहे. उकळून अर्क काढतात आणि वाळवून परत विकतात. फेकून द्या. सोबतची खरी आहे.' खाली सही नाही, 'कशा आहात' नाही, काही नाही. अक्षरसुद्धा कुणावर तरी डाफरल्यासारखं. वाचून मला इतकं बरं वाटलं की मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. या घरात सध्या सगळे इतके गोड बोलतात की कुणी खेकसलं तर माणसात आल्यासारखं वाटतं.

गोड बोलणाऱ्यांत मीही आले. मागच्या पत्रात मी 'जराशी कावीळ' लिहिलं होतं. जराशी नाही. पित्ताच्या नळीत गाठ आहे. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला, पेन्सिलीने गोल काढला आणि म्हणाले, आता कापून उपयोग नाही, पसरली आहे. त्रास कमी करायचा, एवढंच हातात आहे. तरुण डॉक्टर होते. सांगताना पेन्सिल दोनदा खाली पडली. दुसऱ्या वेळी ह्यांनीच वाकून उचलून दिली.

बाहेर येऊन हे म्हणाले, 'बाबांना यातलं अवाक्षर कळता कामा नये. त्यांना साधी कावीळ सांगायची. औषध द्यायला मिळालं की ते उभे राहतील, नाहीतर माझ्याआधी ते जातील.' मी हो म्हटलं. कावीळ म्हणजे कुटकी, हे तर या घरात भिंतींनाही पाठ आहे.

पहिल्याच घोटाला ह्यांना कळलं होतं. वैद्याच्या पोटी जन्मलेत, कळणारच. मुळी गेलेली आहे आणि बाबांना ते कळत नाही, म्हणजे जीभ गेली, एवढा हिशेब एका घोटात झाला. त्या दिवसापासून हे नाटक. मी परवा खनपटीलाच बसले तेव्हा बोलले. 'मला खरी मिळाली काय आणि खोटी मिळाली काय, माझं काय व्हायचं ते ठरलंय. मग त्यांची जीभ गेली हे त्यांना मीच कशाला सांगू? त्यांच्याकडे दुसरं आहे काय?' वर हसून म्हणाले, 'शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम दिलं होतं. बोलायचं नाही, हलायचं नाही. आता बघ, कसा बहरलोय.'

अंग हळदीसारखं पिवळं झालंय, खाजवून खाजवून दंडावर ओरखडे उठलेत, आणि माणूस विनोद करतो. दुकानात लोकांची दुरुस्तीला आलेली शिवणयंत्रं तशीच पडली आहेत. कुणी विचारायला आलं की खाटेवरून सांगतात, 'पुढच्या आठवड्यात.' मला त्या 'पुढच्या आठवड्या'चा इतका राग येतो की भांडी आपटते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, मग हिला खरी कुटकी कशाला हवी? मला हवी आहे. मी अडाणी नाही, फोटो माझ्यासमोरच उजेडाला धरला होता. पण बाबांच्या ओट्यावर हॉस्पिटलने परत पाठवलेली माणसं चालत आलेली आणि चालत गेलेली मी पाहिली आहेत. सगळी नाहीत, काही. त्या काहींत माझा नवरा का असू नये? हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

उद्या बाबा आंघोळीला गेले की बरणीतली मुळी काढून तुमची भरणार आहे. ह्यांना सांगणार नाही, बाबांनाही नाही. तिघांची तीन गुपितं झाली, काही हरकत नाही.

हे तुमची आठवण काढतात. म्हणजे नाव काढत नाहीत. 'मला ठोंब्या म्हणणारं आता कुणी राहिलं नाही,' असं म्हणतात. तुम्ही या ना हो.

भावजय

२१ नोव्हेंबर

वन्सं,

माझ्या हाताने मी काय करून ठेवलं ते ऐका.

बरणी बदलली. बाबांनी मुळी कुटली, नेहमीसारखी एक काडी दाढेखाली धरली, डोळे मिटले, मान डोलावली. जी मान खोट्याला डोलायची तीच खऱ्यालाही डोलली.  काढ्याचा रंगही जरा गडद होता, पण त्यांचं लक्ष गेलं नाही.

कप दिला आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. ह्यांनी कप ओठाला लावायच्या आधीच तोंड वाकडं केलं, 'मेलो' म्हणाले, घोट घेतला, गिळला. रोजचा खेळ संपला म्हणून चेहरा सैल सोडला, कप माझ्यापुढे धरला. आणि मग लागलं.

आधी भुवया वर गेल्या. घसा एकदा खाली गेला, वर आला. डोळ्यांतून पाणी, जीभ बाहेर, एक हात हवेत काहीतरी शोधतोय. कप गादीवर उलटा. मी पाणी द्यायला धावले तर हे ठसक्यातून हसायला लागले. लहान मुलासारखे. मला म्हणाले, 'अगं, खरी आहे!' बोलून बसले आणि मग बाबांकडे बघितलं.

बाबा हललेसुद्धा नाहीत. तुम्हाला माहीत आहे ते पेशंटचा चेहरा कसा बघतात. नाडी धरली तरी नजर चेहऱ्यावर. म्हणाले, 'कडू उशिरा लागतं. आधी काही नाही, मग घशात. हे मी तुम्हा दोघांना शिकवलंय.'  'मग इतके दिवस तू आधीच तोंड वाकडं का करत होतास?'

  बाबांनी गादीवरचा कप उचलला, आतला उरलेला थेंब बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला. पुष्कळ वेळ तसेच उभे होते. कडू लागायची वाट बघत होते, वन्सं.

मग म्हणाले, 'मी माझ्या मुलाला इतके दिवस पाणी पाजलं,' आणि आत गेले.

ह्यांनी हाक मारली, 'बाबा, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठ आहे, काही होणार नव्हतं.' अगदी ओरडून सांगितलं, होता नव्हता तेवढा जोर लावून. आतून उत्तर आलं, 'झोप तू.' जेवायच्या वेळीही आले नाहीत. नंतर मी हॉस्पिटलचा कागद नेऊन पुढे ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि घडी करून मला दिला. 'हॉस्पिटलने हात टेकलेलीच माणसं माझ्याकडे येतात,' म्हणाले. 'असे कागद मी टोपलीभर पाहिलेत. कागद घेऊन आलेली माणसं बरी झालेली पाहिलीत. हा वेळेत माझ्याकडे आला होता. माझ्या घरात होता.'

बघा, मला जी आशा वाटत होती, अगदी तीच. फक्त त्यांच्याकडे गेल्यावर तिचं हे झालं.

हे माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. 'कशाला गं?' एवढंच म्हणाले. आणि आता खरा काढा मी करते, हे पितात, तोंड वाकडं करत नाहीत. करायला बघणारं कुणी नाही.

१२ डिसेंबर

वन्सं,

हे आता फार दिवसांचे नाहीत हा निरोप तुम्हाला मिळाला होता, मला माहीत आहे, कारण फोन उचलून तुम्ही काही न बोलता ठेवलात. श्वासावरून ओळखलं. दोष देत नाही. तुम्ही आला असतात तरी ओळख पटली नसती, शेवटचे चार दिवस हे कुणालाच ओळखत नव्हते. मला 'शिलाई सैल येतेय, दाब वाढवा' असं सांगत होते. मी 'वाढवते' म्हणत होते.

बाकीचं सगळं उरकलं. रडून झालंय असं समजा. मला तुमच्याशी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय.

बाबा रोज मला एकच प्रश्न विचारतात. मी केर काढत असते, ते ओट्यावर बसलेले असतात, मान न वळवता विचारतात, 'खरी असती तर वाचला असता ना गं?' मी म्हणते, 'नाही बाबा.' ते म्हणतात, 'बरं.' त्या 'बरं'चा अर्थ मला कळतो. त्यांचा विश्वास बसत नाही. एकदा मी वैतागून विचारलं, का नाही बसत? तर शांतपणे म्हणाले, 'तो रोज मेलो मेलो म्हणायचा तेव्हा तू रिकामा कप घ्यायला शेजारीच उभी असायचीस. तेव्हा बोलली नाहीस.'  आम्ही नवराबायकोने त्यांना इतकं जपलं की आता त्यांच्या लेखी आमच्या शब्दाला काडीची किंमत राहिली नाही.

डॉक्टरांना घरी बोलावलं. तोच तो पेन्सिलवाला. बिचारा आला, ओट्यावर बसला, सगळं समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं, वर त्याचीच नाडी बघून जेवण वेळेवर करायला सांगितलं. तो गेल्यावर मला म्हणाले, 'मुलगा चांगला आहे. पण त्याला कुटकी काय माहीत?'

म्हणून तुम्ही. तुम्हाला कुटकी माहीत आहे. त्या गाठीपुढे कुटकीची काय पत्रास, हेही तुम्हाला कळतं. आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर कधी गोड बोलला नाहीत. त्याची शिक्षा भोगलीत, पण बोलला नाहीत. जगात एवढंच एक तोंड आहे ज्यातून आलेलं 'नाही' त्यांना पटेल. तुम्ही या, त्यांच्यासमोर बसा आणि सांगा, 'बाबा, खऱ्या कुटकीनेही तो वाचला नसता.' एवढंच वाक्य. मग लगेच परत जा, मी चहासाठीसुद्धा थांबवणार नाही.

ते पेशंट बघत नाहीत. जेवतात ते ताटात पडलं म्हणून. तुमच्या भावासाठी तुम्ही आला नाहीत, ते झालं. यांच्यासाठी या. मी नाक मुठीत धरून मागते आहे, आणि ते मला किती जड जातं हे तुम्हाला माहीत आहे.

भावजय

६ जानेवारी

वन्सं,

तुम्ही रिक्षात बसताना माझ्याकडे बघितलंत, मी मान वळवली. रागाने नाही. मला तुमच्यासमोर रडायचं नव्हतं.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, सुटलो. बाबा ओट्यावरून उठून उभे राहिले. ह्यांच्या मागे ते कुणासाठी उठले नव्हते. तुम्ही पाया पडायच्या आधीच त्यांनी तुमच्या हातात एक काडी ठेवली. 'ही बघ. त्याला हीच देत होतो. कशी आहे?' मी दारात उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोंड उघडेना. तुम्ही काडी दाढेखाली धरलीत, त्यांच्यासारखेच डोळे मिटलेत. मग डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलंत. किती वाळलेत ते तुम्ही तेव्हा नीट पाहिलंत. आणि म्हणालात, 'कडू आहे, बाबा. चांगली आहे. तुमचं काही चुकलं नाही.'

मग तुम्ही माझं वाक्यही म्हणालात. अगदी मी लिहिलं होतं तसं. त्याला काही अर्थ उरला नव्हता.

कारण एक गोष्ट मी तुम्हाला लिहिली नव्हती. तुम्हाला वाटलं असणार, त्यांना नुसता ह्यांच्या चेहऱ्यावरून संशय आलाय, आणि तो अजून पुसता येईल. ह्यांच्या अखेरच्या दिवसांत बाबा त्या गोणीतल्या काड्या खिशात घेऊन रस्त्यावर उभे राहायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून म्हणायचे, 'जरा चावून सांगता का, कडू आहे का?' पोस्टमनला दिली. समोरच्या शिंपीणबाईंना दिली. त्या बिचाऱ्या चावत चावत म्हणाल्या, 'नाही हो वैद्यबुवा, काही चवच नाही. काडी आहे नुसती.' लोक बघत होते. शाळेतून येणारी पोरं हसत होती. मी हाताला धरून त्यांना आत आणलं. वैद्यबुवा रस्त्यावर उभं राहून लोकांना काड्या चावायला लावतात, हे त्यांच्या मुलीला कसं लिहायचं? मला त्यांची लाज झाकायची होती. झाकली.

तेव्हा ती काडी कशी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, वन्सं. ते काडीची परीक्षा घेत नव्हते, तुमची घेत होते. तुम्ही एरवी म्हणाला असतात, 'ही गेलेली आहे, फेका,' तर पुढचं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं असतं. हे मी आधी लिहिलं असतं तर तुम्ही तसंच म्हणाला असतात, हेही मला कळतं. आणि ज्या बाईने घर सोडलं पण खोटं चूर्ण चांगलं म्हटलं नाही, ती बाई नेमकी त्याच दिवशी दयाळू व्हायची होती! आयुष्यात एकदा. मी तुम्हाला काय बोलू? तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. मी तर तेच करत आले आहे.

तुम्ही गेल्यावर ते पुन्हा ओट्यावर बसले. मग म्हणाले, 'तीसुद्धा.' तेवढंच. रागाने नाही. एखादं दुकान बंद झाल्याचं कळावं तसं.

तुम्ही पुन्हा या, खुलासा करा, असं मी म्हणणार नाही. खुलाशाला आता कान राहिलेला नाही.

२ फेब्रुवारी

वन्सं,

हे शेवटचं पत्र समजा. उत्तराची घाई नाही. फक्त एक गोष्ट तुमच्या कानावर असायला हवी, कारण पुढेमागे ती तुम्हाला निभवावी लागेल.

बाबांचा रोजचा प्रश्न चालूच होता. माझं 'नाही' आणि त्यांचं 'बरं'ही चालूच होतं. गेल्या बुधवारी एक माणूस ह्यांच्या दुकानातली हत्यारं विकत घ्यायला आला. पेचकस, तेलाच्या कुप्या, सुयांचे डबे, सगळं ओट्यावर मांडलं. तो एकेक उचलून बघत होता. ह्यांच्या हाताने झिजलेल्या मुठी. आणि मी हसून म्हणत होते, 'हे नवीनच आहे, फारसं वापरलेलं नाही.' तो गेला. मी रिकाम्या ओट्यावरचे तेलाचे डाग पुसायला बसले. आणि मागून आवाज आला, 'खरी असती तर वाचला असता ना गं?'

माझ्या अंगात कुठून शक्ती आली माहीत नाही. फडकं फेकून मी उभी राहिले आणि म्हणाले, 'हो. वाचले असते. झालं? हेच ऐकायचं होतं ना रोज? वाचले असते!'

बोलल्या बोलल्या हात तोंडावर गेला. पण बाबा माझ्याकडे बघत होते. काढ्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट, पेशंटकडे बघतात तसे, चेहऱ्याकडे. माझा चेहरा तेव्हा कसा असेल ते मला ठाऊक आहे. त्यात नाटक नव्हतं. राग खरा होता, रडू खरं होतं. शब्द तेवढे खोटे होते.

ते म्हणाले, 'बस. बस पोरी, थकलीस तू.' पोरी ते फक्त तुम्हाला म्हणायचे. मग म्हणाले, 'या घरात शेवटी कुणीतरी खरं बोललं.'

त्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला. दुसऱ्यांदाही घेतला. दुपारी झोपले, इतके गाढ की मी दोनदा छातीवर हात ठेवून बघितलं. तेव्हापासून प्रश्न बंद झालाय. ओटा सोडून आत येऊन बसतात, माझ्याशी बोलतात, मसाल्याचे डबे कुठे ठेवावेत यावर हुज्जत घालतात. चहा झाला की मला आधी प्यायला लावतात. 'तू सांग कसा झालाय, तुझ्यावर माझा भरवसा आहे,' म्हणतात. कधी मध्येच सहज सांगतात, हवापाण्याचं सांगावं तसं, 'माझ्यामुळे गेला तो.' आणि पुढच्या कामाला लागतात.

ते तसं नाही, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, पेन्सिलवाल्या डॉक्टरला माहीत आहे. मी आता कोणत्या तोंडाने सांगू? मी शब्द परत घेतले तर ते 'बरं' म्हणतील, पुन्हा ओट्यावर जाऊन बसतील आणि त्यांचं म्हणून या घरात उरलेलं शेवटचं माणूसही त्यांच्यापुरतं जाईल. म्हणून मी गप्प आहे. त्यांना कधी तुम्हाला विचारावंसं वाटलं, तर तुम्हीही हेच सांगा. 'हो, वाचला असता.' दोघींचं एक असलं पाहिजे.

आज सकाळी मी त्यांच्या पुढ्यात कप ठेवला तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, 'तू सांगितलंस म्हणून कळलं गं. नाहीतर मी मरेपर्यंत संशयातच राहिलो असतो.'

मी म्हणाले, 'चहा निवतोय, बाबा.'

तुमची,
ठोंब्याची बायको